मायच्या पार्लरातला हिरवा शाम्पू

माय चमच्यानं भात खायला लागली, हे घरात सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आलं. आमच्या घरी चमचा लागायचा तो लोणचं काढायला, नाही तर कुणाला औषध पाजायला. जेवताना ताटात हातच जायचा. गरम भात, त्यावर लाखोळीची डाळ, वरून लसूण-मिरचीचं कडक फोडणीचं तेल, आणि माय तो भात असा कालवायची की तिच्या ताटातला पहिला घास मागून घ्यावासा वाटायचा. ती एका संध्याकाळी चूपचाप चमचा घेऊन बसली. मी विचारलं तर म्हणाली, घाई आहे, हात धुवायला वेळ नाही. जेवण झाल्यावर भांडी घासायला तिच्याशेजारी बसले तेव्हा तिचा उजवा हात निखाऱ्यासारखा लालबुंद दिसला. बोटांच्या बेचक्यांत भेगा पडल्या होत्या आणि बोटांच्या टोकांची कातडी शिंगासारखी टणक, चकचकीत झाली होती. त्या भेगांत तिखट जात असणार. मी काही विचारायच्या आत तिनं हात राखेत घातला.

मायचं पार्लर म्हणजे आमच्या लाखनीच्या घराची पुढची खोली. शेती होती, धान होतं, बाबा त्यातच असत. पण मायनं भंडाऱ्याला जाऊन तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि परत येऊन त्या खोलीत एक फिरती खुर्ची, एक मोठा आरसा आणि भिंतीला खेटून एक सिमेंटची मोरी एवढं उभं केलं होतं. हायवे घरापासून हाकेच्या अंतरावर. भरलेला ट्रक गेला की आरसा थरथरायचा. मायच्या दातात दोऱ्याचं एक टोक, दोन्ही हातांच्या बोटांत बाकीचा दोरा, आणि खुर्चीत डोळे मिटून बसलेली बाई; ट्रकचा आवाज आला की दोघी तशाच थांबायच्या. आरसा स्थिर झाला की दोरा पुन्हा भुवईवर सरसर चालायचा. मला तो थांबण्याचा क्षण फार आवडायचा. बायका घरी जे बोलत नसत ते तिथे बोलत, आणि मी पडद्याआड अभ्यासाचं पुस्तक उघडून सगळं ऐकत बसे.

भुवया कोरायला दोरा लागतो, आणि दोरा नेमका बोटांच्या बेचक्यांतून जातो. भेगा पडलेल्या बोटांना तो ब्लेडसारखा कापायचा. माय दोऱ्याला पावडर लावायची, बोटाला चिंधी गुंडाळायची. एकदा एका नवरीच्या कपाळावर रक्ताचा थेंब पडला. नवरी घाबरली, तिची आई उठून उभी राहिली. रक्त मायचं होतं.

सगळे म्हणत होते, चिखल्या आहेत. आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत हे कुणालाच नवं नाही. दिवसभर बांधीतल्या चिखलात वाकून धानाची रोपं लावली की हातापायांच्या बेचक्या कुजल्यासारख्या होतात. मग मेंदी लावायची, करडीचं तेल लावायचं, पाऊस सरला की आपोआप बरं होतं. मायच्या हाताचं दुखणं खरंच रोवणीत सुरू झालं होतं, म्हणून कुणी वेगळा विचार केला नाही. पण धान कापून झालं, मळणीचा चुरणा झाला, हिवाळा गेला, होळी झाली, आणि हात तसेच. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. त्यानं आठ दिवस बरं वाटलं. नेमक्या त्याच आठ दिवसांत माय एका लग्नासाठी माहेरी गेली होती आणि पार्लर बंद होतं. ती परत आली, रविवारी सहा-सात बायकांचे केस धुतले आणि मंगळवारी भेगा पुन्हा उघडल्या. हे मी मनात टिपून ठेवलं. तेव्हा मी अकरावीची परीक्षा देऊन सुट्टीत घरी बसले होते, आणि रिकाम्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: चिखल नाही, तरी चिखल्या कशा?

बाबांचं म्हणणं सरळ होतं. रागीट माणूस नव्हते ते. मायचे हात बघून त्यांच्यानं राहवत नव्हतं. एका रात्री जेवताना त्यांनी सांगून टाकलं, की औंदाच्या रोवणीआधी हात बरे झाले तर ठीक, नाही तर खुर्ची विकून टाकू. दुसऱ्या दिवशी मायनं ती खुर्ची ओल्या फडक्यानं पायापासून डोक्यापर्यंत पुसून काढली.

संशय माझा शाम्पूवर होता. वर्षभरापासून मायकडे शाम्पू सुटा यायचा, पांढऱ्या प्लास्टिकच्या कॅनमध्ये. तुमसरचा एक माणूस महिन्यातून एकदा एसटीनं तो पाठवायचा. पोपटी हिरवा रंग, गुलाबाचा इतका जबर वास की मोरीतून अंगणापर्यंत यायचा, आणि फेस असा की बाईचं डोकं दिसेनासं व्हायचं. बायकांना तो फेसच आवडायचा. चांगल्या बाटल्या पार्लरमध्ये वापरणं मायला परवडत नव्हतं, कारण गावातल्या बायकांचे केस तेलानं चिप्प असत आणि साध्या शाम्पूला त्यांच्यावर फेसच येत नसे. हिरवा शाम्पू मात्र एका हातात सगळं तेल ओढून काढायचा. केस वाळले की करकर वाजायचे. त्या करकरीलाच आम्ही स्वच्छ म्हणायचो.

आमच्या कॉलेजच्या केमिस्ट्रीच्या मॅडम लाखनीतच राहायच्या. मी त्यांच्याकडे शिशीत थोडा शाम्पू घेऊन गेले. त्यांनी बोटांवर घेऊन चोळला, हात धुतला, परत चोळून पाहिला. म्हणाल्या, प्रयोगशाळा बंद आहे आणि असती तरी यातलं काय काय आहे ते इथे कळणार नाही. पण तू स्वतः पाहू शकतेस. फेस म्हणजे स्वच्छता नाही, एवढं त्यांनी समजावलं. मळ काढणारा पदार्थ तेल धरून ओढतो. तो जहाल असला की वरून लावलेलं तेल काढून थांबत नाही, कातडीचं स्वतःचं तेलही घेऊन जातो. कातडीला ते लागतं. आणि प्रयोग करशील तर एकाच डोक्याचे केस घे, म्हणाल्या, नाही तर तुलना खोटी ठरेल.

एका डोक्याचे केस मिळायला मला लांब जावं लागलं नाही. पोस्टात काम करणाऱ्या कुंदाताई दर रविवारी मायकडे केस धुवायला यायच्या. कमरेपर्यंत दाट केस होते त्यांचे. पण वर्षभरात ते पातळ होऊ लागले होते आणि त्या बोअरच्या पाण्याला दोष द्यायच्या. त्या रविवारी त्यांनी वीतभर केस कापून घेतले. मी ते झाडण्याआधी उचलले आणि त्यांच्या पाच सारख्या बटा दोऱ्यानं बांधल्या. एक बट रोज हिरव्या शाम्पूत धुवायची, एक अंगाच्या साबणानं, एक रिठा-शिकेकाईच्या पाण्यात, एक लेकरांसाठीच्या सौम्य शाम्पूत, आणि एक नुसत्या पाण्यात. तो लेकरांचा शाम्पू मॅडमनी त्यांच्या मुलीच्या बाटलीतून वाटीभर दिला होता. शिवाय मी माझा डावा हात रोज तीनदा हिरव्या शाम्पूच्या फेसात बुडवून ठेवायला लागले, आणि उजवा साध्या पाण्यात. मायला हे सांगितलं नाही.

बटा मी मागच्या पेरूच्या झाडाला वाळत घालायची. आठव्या दिवशी शेजारच्या काकूंनी त्या कुंपणावरून पाहिल्या. दुपारपर्यंत नळावर मायच्या नावानं बोलणं सुरू झालं, की विमलच्या घरी झाडाला बाईचे केस टांगले आहेत, काही तरी करणीचा प्रकार दिसतो. संध्याकाळी बाबा शेतातून आले ते सरळ मागे गेले.

"हे केस टांगून कायचं करून राहिली तू, शोभे?"

मी भीत भीत सगळं सांगितलं. बाबा पेरूखाली उभे राहून ऐकत होते. मग त्यांनी एकेक बट अंगठा आणि बोटांमध्ये धरून चोळली. धानाचा दाणा वाळला की नाही हे पाहायला ते जसं चोळायचे तसंच. रिठ्याच्या बटेवर थांबले, लेकरांच्या शाम्पूच्या बटेवर थांबले, पाण्याच्या बटेचा तेलकटपणा बोटांवर घासून पाहिला. हिरव्या शाम्पूची बट हातात घेतल्यावर म्हणाले, "हे तं तनीस झालं." तणीस म्हणजे धान झोडून उरलेला वाळका पेंढा. मग त्यांनी माझा डावा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांची कातडी पांढरी पडून निघायला लागली होती. हात न सोडताच त्यांनी मायला हाक मारली.

आज हे लिहिताना मला माझंच नवल वाटतं. पुढे मी बरीच वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण त्या पेरूखालच्या प्रयोगाइतका खरा प्रयोग पुन्हा माझ्या हातून झाला नाही. आता नागपूरची माझी भाची बाटलीच्या मागचं बारीक अक्षर मोबाइलच्या उजेडात वाचून मला सांगते, मावशी, यात अमुक सल्फेट आहे, हे घेऊ नको. पुढच्या बाजूला ‘सल्फेटविरहित’ असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असलं तरी मी बाटली उलटी करून बघतेच. तेव्हा आमच्या कॅनवर वाचायला काहीच नव्हतं. जे होतं ते मायच्या हातावर लिहिलेलं होतं.

मायनं मला बोल लावला नाही. ती म्हणाली, शाम्पू करतात कसा ते बघून येऊ. दोनच दिवसांनी आम्ही दोघी एसटीनं तुमसरला गेलो. राइस मिलच्या गल्लीत शिरलो तेव्हा हवेत कोंड्याची बारीक धूळ तरंगत होती आणि गरम धानाचा वास होता, तरी त्या वासातूनही गुलाब ओळखू आला. एका पत्र्याच्या शेडमध्ये तो माणूस एकटाच काम करत होता. मध्ये एक मोठा निळा ड्रम, बाजूला पांढरे कॅन. आम्ही कोण ते सांगितल्यावर त्यानं आनंदानं स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं. तो लपवाछपवी करणारा माणूस नव्हता. आमच्यादेखतच त्यानं ड्रममधून दोन बादल्या भरल्या. एकीत हिरवा रंग आणि गुलाबाचं सेंट टाकलं, दुसरीत पिवळा रंग आणि लिंबाचं.

मी विचारलं, पिवळं कशासाठी. तो म्हणाला, कपडे धुवाचं. लॉजवाले नेतात, चादरी धुवाले.

"मंग दोन्ही एकच हाये का?" मायनं विचारलं.

"माल एकच बाई. केसायच्यात जरा पानी जास्त टाकतो."

मला वाटलं माय आता भांडेल. पण माय त्याच्याकडे पाहतच नव्हती. ती पाहत होती त्याच्या हातांकडे. तो लाकडी दांड्यानं बादली ढवळत होता, आणि त्याचे हात बोटांपासून मनगटापर्यंत तडकलेले होते. माझ्या मायच्या हातांपेक्षाही वाईट. नखं पिवळी, बेचक्यांत काळ्या भेगा. मायनं त्याला विचारलं की हात किती दिवसांपासून असे आहेत. तो म्हणाला, धंदा सुरू केला तेव्हापासून, मिलच्या कोंड्यानं होते म्हणतात. मायनं आपला हात पदराखालून काढून त्याच्या हाताशेजारी धरला. त्यानं ढवळणं थांबवलं. माय त्याला म्हणाली, हातात रबरी मोजे घाला, आणि रात्री तेल लावत जा. मग आम्ही निघालो. नवा कॅन घेतला नाही.

परतीच्या एसटीत माय खिडकीबाहेर बघत होती. भंडारा मागे पडलं तेव्हा म्हणाली, आता सगळ्यांना सांगावं लागेल. मला आधी कळलंच नाही की कुणाला, काय. माझ्या लेखी प्रश्न सुटला होता. हिरवा शाम्पू बंद, दुसरा सुरू, हात बरे. बाबांनाही तसंच वाटलं. घरी आल्यावर ते म्हणाले, चूपचाप बदलून टाक, सांगून काय मिळते? एका बाईला सांगितलंस की गावाला कळेल, आणि मग खुर्ची विकायची गरजच राहणार नाही, लोकच बंद करतील. त्यांचं चुकत नव्हतं. माय चुलीपुढे बसली होती. तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मले माया हातानं सांगतलं. त्यायच्या डोक्याले कोन सांगन?"

पुढच्या रविवारी पार्लरमध्ये पाच बायका होत्या. मायनं कुणालाही खुर्चीत बसवलं नाही. उभ्यानंच सांगितलं, की वर्षभर मी तुमचे केस ज्यानं धुतले ते कपडे धुवायचं पाणी होतं, मला माहीत नव्हतं, पण माहीत करून घेणं माझं काम होतं. आवाज चढवला नाही, रडली नाही. मी पडद्याआडून पाहत होते. कुणी तरी हसून म्हणालं, जाऊ दे बाई, केस तर छान निघायचे. कुंदाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वेणी पुढे घेतली, तिचं बारीक झालेलं टोक हातात धरून पाहिलं आणि पर्स उचलून निघून गेल्या. दारातून एवढंच म्हणाल्या, "मी पान्याले शिव्या देत होती, विमलबाई."

त्यानंतर पार्लर जवळजवळ रिकामं पडलं. भुवयांना एखादी यायची, केस धुवायला कुणी नाही. माय महिनाभर पाण्यात हात घालायची नाही. भांडी मी घासायची, कणीक बाबा मळायचे आणि पोळ्या जाड व्हायच्या. त्या रिकाम्या दिवसांत आम्ही दोघींनी चांगला शाम्पू शोधायचा ठरवला. परीक्षा मायनं तिच्या पद्धतीनं लावली. प्रत्येक नवी वस्तू आधी कोपराच्या आतल्या कोवळ्या कातडीला लावून दोन दिवस पाहायची. डोळ्यांत गेलं तर किती झोंबतं ते माझ्यावर बघायचं. रिठा केसांना छान होता, पण डोळ्यांत गेला की पाण्याच्या धारा लागायच्या, आणि एवढं उकळणं, गाळणं रोज होणार नव्हतं. दुकानातल्या शाम्पूच्या सुट्या पुड्यांपैकी दोन बऱ्या निघाल्या, एकीनं कातडी ओढल्यासारखी व्हायची. लेकरांचा शाम्पू सगळ्यांत मऊ. पण महाग, आणि तेलकट केसांपुढे तो हात टेकायचा.

तिढा मायनंच सोडवला, आणि तो इतका साधा होता की मला मॅडमकडे धावत जाऊन सांगावंसं वाटलं. ती म्हणाली, आपण शाम्पूकडून दोन कामं घेत आहोत. तेल काढायचं काम त्याला कशाला द्यायचं? तिनं माझ्या तेल लावलेल्या डोक्यावर आधी कोरडं बेसन चोळलं, कंगव्यानं विंचरून काढलं, गरम टॉवेलनं पुसलं. बरंचसं तेल त्यातच गेलं. मग एक झाकण लेकरांचा शाम्पू तांब्याभर पाण्यात ढवळून ते पाणी हळूहळू ओतलं. फेस आला तो नावापुरता. पण केस धुतले गेले, आणि वाळल्यावर त्यांचा आवाज आला नाही. एवढ्याशा शाम्पूत एक डोकं होत असल्यानं ती बाटलीही परवडली. त्या दिवशी मायनं किती तरी दिवसांनी दोन्ही हातांनी माझं डोकं चोळलं. मी डोळे मिटून घेतले होते आणि तिच्या बोटांना दुखतं का हे विचारायचं विसरून गेले.

रोवणी सुरू झाली. बाबांनी खुर्चीचा विषय काढला नाही. मायचे हात भरून येत होते. बेचक्यांतली कातडी आधी गुलाबी, मग हळूहळू गव्हाळ झाली, आणि बोटांच्या टोकांची टणक साल गळून पडली. बायका एकेक करून परतल्या, सगळ्या नाही. ज्या आल्या त्या फेस कमी का म्हणून विचारायच्या आणि माय प्रत्येकीला पहिल्यापासून समजावायची. मला कंटाळा यायचा, तिला येत नसे.

कुंदाताई पोळ्यानंतरच्या रविवारी आल्या. पाऊस नुकताच थांबला होता. त्यांनी केस खांद्यापर्यंत कापून टाकले होते, भंडाऱ्याला कुठे तरी. सरळ खुर्चीत बसल्या आणि मान मागे टाकली. मायनं बेसन लावलं, विंचरलं, टॉवेल फिरवला, तांब्या उचलला. मी पाणी आणून द्यायला उभी होते. मायची बोटं कुंदाताईंच्या केसांतून सावकाश फिरत होती आणि कानाच्या मागे, जरा वर, येऊन थांबली. एकाच जागी ती परत परत फिरली.

"हे कायचं लागलं होतं तुमाले? खूण हाये इथं."

कुंदाताईंनी डोळे उघडले नाहीत. "लहानपनी चिंचेवरून पडली होती. सात टाके पडले होते."

"इतक्या दिवसांपासून हे डोकं धुवून राहिली मी," माय म्हणाली. "मले कधी हाताले लागलंच नाही."

बाहेरून ट्रक गेला. आरसा थरथरला, पण माय थांबली नाही. कुंदाताईंनी पडल्या पडल्याच सांगायला सुरुवात केली, चिंचेचं झाड कुठे होतं, कुणी पैज लावली होती, पडल्यावर घरी काय खोटं सांगितलं. माय हसायला लागली, आणि तांब्यातलं पाणी गार होईपर्यंत दोघी बोलतच राहिल्या.